बर्फाखाली गोदूआत्या

माझ्या सुनेच्या पायाला डोळे आहेत, असं मी मिरजेत सगळ्यांना सांगतो आणि कुणी विश्वास ठेवत नाही. पण आहेत. नीलांबरीचा पाय अंधारातसुद्धा पुस्तकावर पडत नाही, वर्तमानपत्रावर पडत नाही, सांडलेल्या तांदळावर पडत नाही. चुकून पडलाच, तर पाय झटक्यात वर, हात खाली, बोटं आधी त्या वस्तूला आणि मग कपाळाला. तिच्या डोक्याला कळायच्या आत हे सगळं उरकलेलं असतं. ग्रोनिंगनच्या ट्रेनमध्ये एकदा तिचा पाय समोरच्या डच गृहस्थाच्या बुटाला लागला. तिने वाकून नमस्कार केला. तो उंच, गुलाबी माणूस क्षणभर गोंधळला, आणि मग त्यानेही वाकून हिच्या बुटाला हात लावून तो आपल्या कपाळाला टेकवला. हीच इकडची रीत झाली असावी असं वाटून शेजारच्या बाईने त्याला तसाच नमस्कार केला. पुढचं स्टेशन येईपर्यंत अख्खा डबा एकमेकांच्या पाया पडत होता. मी तिथे नव्हतो, पण मला अगदी स्वच्छ दिसतं.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. म्हणजे न पाहिलेल्या देशांबद्दल पगार घेऊन बोललो. हॉलंड समुद्राच्या खाली आहे, तिथे मासे छपरावरून जातात, असं मी सहावीच्या वर्गाला सांगत असे. आता मुलगा रुचिर इकडे नोकरीला आहे, म्हणून मी येतो आणि सांगितलेलं कितपत खरं होतं ते तपासून जातो. यंदा हिवाळ्यात आलो. मासे अजून दिसले नाहीत, पण आभाळ इतकं खाली असतं की ते कुठेतरी असणारच.

जानेवारीत बर्फ पडायला लागला. इकडे दरवर्षी असा पडत नाही म्हणे, त्यामुळे लोकही लहान मुलांसारखे दारात उभे राहून बघत होते. इतका हळू पडायचा की एखादा कण खिडकीपाशी येऊन आत डोकवायचा, आमचं जेवण झालं का ते बघायचा आणि मग खाली जायचा. कालव्यातली बदकं डोक्यावर पांढऱ्या टोप्या घालून लग्नाला निघाल्यासारखी पोहत. सायकलींचे आकार उरले होते, सायकली नव्हत्या.

आणि त्याच आठवड्यात गुरुवारी नीलांबरीला बटाट्यांकडे जायचं होतं.

हे नीट सांगतो. पोरगी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. झालेली. पिकांचे रोग हा तिचा विषय. रुचिरशी लग्न झालं, त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून इकडे आली, आणि पाच वर्षं घरात बसून डच भाषा शिकली. अर्जांवर अर्ज केले. उत्तरं गोड यायची आणि नाही म्हणायची. शेवटी समुद्राच्या बांधाजवळ बियाण्याच्या बटाट्यांची मोठी शेती असलेल्या हार्म नावाच्या माणसाने बोलावलं. म्हणाला, गुरुवारी बटाटे निवडायला सुरुवात करतोय. एक दिवस येऊन आमच्याबरोबर काम कर, मग ठरवू. नाहीच जमलं, तर शुक्रवारी दुसरा एक जण येतोय.

"बर्फ पडला तर?" हिने फोनवर विचारलं होतं.

"बटाट्याला बर्फाचं काय?" हार्म म्हणाला. "तो आत असतो."

घरात गाडी होती. नीलांबरीचं आपल्याकडचं लायसन्स इकडे बदलून मिळालं होतं, आणि ती चालवायचीही छान, सावकाश, प्रत्येक सायकलवाल्याला आधी जाऊ देत. दसऱ्याला तिने गाडीची यथासांग पूजा केली होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला शेवंतीची माळ, चाकाखाली लिंबू. शेजारच्या आजीबाई पडद्याआडून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याही गाडीच्या चाकाखाली एक लिंबू होतं.

तर सोमवारी, पहिल्याच बर्फात, आम्ही सुपरमार्केटहून परत येत होतो. मी पुढे बसलेलो, मांडीवर कोबी. गल्लीच्या तोंडाशी नीलांबरीने ब्रेक दाबला. त्याबरोबर खालून आवाज आला. गुर्रर्र, टकटकटकटक. कुणीतरी फळीखालून हाताने थोपटावं तसा. नीलांबरी म्हणाली, "अगंबाई!" तिचा पाय झटक्यात वर आला, उजवा हात स्टीअरिंगवरून सुटून खाली गेला आणि तिथून कपाळाला गेला.

गाडीने हा नमस्कार स्वीकारला आणि ती चालू लागली.

तुम्ही कधी बर्फावरून घसरला आहात? त्यात घाई अजिबात नसते. रस्ता, घरं, कुंपण सगळं आपल्याकडे सावकाश येतं, जणू पाहुणे भेटायला येतायत. मला कोबीची पानं मोजायला वेळ मिळाला. मग गाडीने आजीबाईंच्या झुडपांच्या कुंपणात नाक खुपसलं आणि थांबली. झुडपांवरचा बर्फ धप्पकन टपावर पडला. कुणाला काही झालं नाही. आजीबाई बाहेर आल्या आणि त्यांनी आधी चाकाखाली लिंबू आहे का ते पाहिलं.

नीलांबरी मात्र पांढरी पडली होती. "बाबा, पायाखाली काहीतरी जिवंत होतं," ती म्हणाली. "थरथरलं."

संध्याकाळी रुचिर फोनच्या पडद्यावर आला. तो अ‍ॅमस्टरडॅमला, झुइडास नावाच्या भागातल्या ऑफिसात गेला होता, आणि ट्रेन बंद पडल्यामुळे तिकडेच मित्राच्या घरी अडकला होता.

"अगं, ते एबीएस आहे. नॉर्मल आहे," तो म्हणाला. "नीट ऐक. बर्फात जोरात ब्रेक मारला की चाक लॉक होतं. लॉक झालेलं चाक फिरत नाही, नुसतं घसरतं. आणि घसरणारी गाडी स्टीअरिंगचं ऐकत नाही. म्हणून सिस्टिम काय करते? ब्रेक धरते, सोडते, धरते, सोडते, एका सेकंदात कितीतरी वेळा. तेच तुला पेडलमधून जाणवतं. तू फक्त पाय फुल दाबून ठेवायचा आणि जिकडे जायचंय तिकडे वळवायचं. सिंपल."

"मला कळलं रे," नीलांबरी म्हणाली. "माझ्या पायाला नाही कळत."

"पायाला काय कळायचंय?"

"तू नाही समजणार. तू वर्तमानपत्रावर उभा राहून दाढी करतोस."

रुचिरने मग कागदावर चाक काढून दाखवलं, बाण काढले, एक व्हिडिओ पाठवला. तिने सगळं समजून घेतलं, उलट त्याची एक चूकही काढली. दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटच्या मागच्या मोकळ्या, पांढऱ्या मैदानावर आम्ही गाडी घेऊन गेलो. तिने वेग घेतला, ब्रेक दाबला, खालून थरथर आली, आणि पाय वर. पुन्हा दाबला. पुन्हा वर. गाडी आपली बदकासारखी तिरकी तिरकी जाऊन थांबायची. शेवटी तिने किल्ली काढली.

"हार्मला कळवते. नाही जमणार म्हणून."

"बस?"

"बंद आहे तिकडची."

"टॅक्सी?"

"विचारलं. त्या बाजूला नाही येत म्हणतात." ती काचेबाहेर बघत राहिली. "पाच वर्षं, बाबा. आणि अडलं कशात, तर पाय लावू नये यात."

इतक्या चांगल्या वळणाच्या पायाला कुणी समजूत घालायची? पाय मराठी समजतो, पण युक्तिवाद समजत नाही. त्याला गोष्ट लागते.

बुधवारी दुपारी चहा झाला. बाहेर बर्फ आणि आत दिवा, आणि दोहोंच्या मधली काच अगदी झोपाळू झालेली. मी म्हणालो, "नीलू, गोदूआत्याची पाठ तुला सांगितली का?"

"कोण गोदूआत्या?"

"माझ्या वडिलांची थोरली बहीण. पन्हाळ्याच्या उतारावर राहायची. उतार म्हणजे असा, की अंगणात कपबशी ठेवली तर कप हातात राहायचा आणि बशी कोल्हापुरात सापडायची."

"बाबा!"

"ऐक तर. आणि पाठ! पाठ कसली, पठार. दमून आली की ओसरीवर पालथी पडायची आणि म्हणायची, 'पोरांनो, पाय द्या रे.' आम्ही सगळी भावंडं चढायचो. एकदा आमचा सुदर्शन डाव्या खांद्याकडे गेला, तो दिवेलागणीला परत आला. म्हणाला, तिकडचं ऊन वेगळं आहे."

नीलांबरी हसली. सोमवारनंतर पहिल्यांदा.

"आता पावसाळ्यात काय व्हायचं, की त्या उतारावरचा चिखल लोण्यासारखा व्हायचा आणि घर घसरायला लागायचं."

"अख्खं घर?"

"चुलीसकट. चुलीवर दूध असलं तर ते न सांडता. घर निघालं की आत्या ओसरीतून हात बाहेर काढायची, जमिनीला मिठी मारायची आणि ओरडायची, 'चढा रे! दाबा!' आम्ही चढायचो आणि सगळा जोर लावून दाबायचो. मग आत्या करायची हूं. हूं, हूं, हूं, हूं. एका हूंला जमीन धरायची, दुसऱ्या हूंला सोडायची. धर, सोड, धर, सोड. फडताळातली भांडी वाजायची, आमचे दात वाजायचे."

"सोडायची कशाला? धरूनच ठेवायची ना."

"आतोबाही असंच म्हणाले. शिकलेले होते. म्हणाले, गोदू, एकदाच काय ते घट्ट धर. तिने धरलं. तर आत्या, घर आणि चिखल एकजीव झाले आणि पाटासारखे सरळ निघाले! समोर फणस आला तरी वळता येईना. फणसाने स्वतः बाजूला होऊन वाट दिली म्हणून वाचलो. धरत-सोडत गेलं की घर जरा जास्त लांब जायचं, ते खरं. थांबायला वेळ लागायचा. पण वळवता यायचं. आतोबा दाराची चौकट धरून वळवायचे, आणि घर अलगद चिंचेला जाऊन टेकायचं."

नीलांबरीचा कप हातातच राहिला होता. मी बिस्किट बुडवलं.

"आमच्यात एक मावसभाऊ नवीन होता. राजन. फार वळणाचं पोर. आत्या थरथरली की हा दचकून खाली उतरायचा आणि तिला नमस्कार करायचा. की घर निघालं! आत्या तिकडून ओरडायची, 'मेल्या, नमस्कार मागाहून! आधी दाब! तू पाय काढलास तर मी धरू कशी?'"

बाहेर एक माणूस कुत्र्याला घेऊन गेला. कुत्रा बर्फात बुडलेला होता आणि नुसता पट्टाच चालल्यासारखा दिसत होता.

"मी आजीच्या पाठीवर पाय द्यायचे," ती म्हणाली. "दर रविवारी. तिथे नाही मी पाय काढायचे."

"ती कण्हायची नाही?"

"कण्हायची की. पण काढला की ओरडायची. दाब गं, म्हणायची, आत्ता कुठे बरं वाटतंय." तिने कप खाली ठेवला. आपल्या उजव्या पायाकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि त्याला काहीतरी आठवलं होतं.

"तुमची गोदूआत्या खरी होती?"

"नीलू," मी म्हणालो, "मी भूगोलाचा मास्तर आहे."

गुरुवारी सकाळी तिने जाड बूट मागच्या सीटवर टाकले आणि पातळ तळाचे घातले. पायाला ऐकू यायला हवं, म्हणाली. मी न विचारता पुढे बसलो. आधी ती त्या मोकळ्या मैदानावर गेली, एकदा बघू म्हणून. दाबला. थरथर. पाय वर. गाडी तिरकी होऊन थांबली.

आम्ही दोघेही समोर बघत राहिलो. माझी आत्या फुकट गेली होती. मला वाटलं, आता घरी. पण नीलांबरीने ओठ मिटले, गिअर टाकला आणि गाडी उत्तरेच्या रस्त्याला लावली.

"मोठ्या रस्त्यावर मीठ टाकलंय," ती म्हणाली. "हळू जाईन. जोरात दाबायची वेळच येऊ द्यायची नाही."

मोठा रस्ता खरंच काळा, ओला, शहाणा होता. मग तो सुटला आणि बांधाकडे जाणारा अरुंद रस्ता लागला. तिथे मीठ नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. जमीन पांढरी, आभाळ पांढरं, आणि दोन्ही कुठे शिवलेत ती शिवण कुणीतरी उसवून नेलेली. डावीकडे कालवा असावा, कारण तिकडून वाफ येत होती. पवनचक्क्यांची पाती थांबून विचार करत होती. गाडीचा आवाजही बर्फाने पिऊन टाकला होता. मला वाटलं, आपण चाललोच नाही आहोत. आपण एका मोठ्या, धुतलेल्या धोतरावर बसलोय आणि कुणीतरी ते खालून हळूहळू ओढून घेतंय. मी बहुधा डुलकी घेतली. बहुधा नाही घेतली. त्या रस्त्यावर दोन्हीत फरक नव्हता.

वळण आलं आणि समोरच्या बर्फाने मान वर केली.

हंस होते. पांढऱ्या रस्त्यावर पांढरे हंस बसलेले, चांगला मोठा मेळा, आणि मान वर होईपर्यंत त्यातला एकही हंस नव्हता, नुसता बर्फ होता. एकाने मान काढली, मग दुसऱ्याने, मग रस्त्यावर प्रश्नचिन्हांचं शेत उगवलं.

"बाबा!"

तिने ब्रेक दाबला. खालून ती थरथर उठली, गुर्रर्र, टकटकटकटक, आणि मी तिचा गुडघा वर येताना पाहिला. लिंबाएवढा आला होता. मी ओरडायला तोंड उघडलं. जन्मभर ज्या तोंडाने कधी दगा दिला नाही, त्यातून हवासुद्धा बाहेर पडेना.

"दाबते, आत्या!" नीलांबरी ओरडली. "दाबते, दाबते!"

गुडघा खाली गेला. पाय पार तळाशी गेला आणि तिथेच राहिला. आणि मग, तुम्हाला थाप वाटेल, वाटू द्या, पण माझ्या सीटखालून मला स्वच्छ ऐकू आलं. हूं, हूं, हूं, हूं. माझे दात वाजले. मागच्या सीटवरच्या डब्यातले चमचे वाजले. जमीन धरली, सोडली, धरली, सोडली. गाडी थांबेना, पन्हाळ्याच्या घरासारखी निघालीच होती, पण नीलांबरीने स्टीअरिंग अलगद उजवीकडे घेतलं आणि गाडीने ऐकलं. नाक वळलं. हंसांच्या आणि शेताच्या मधून, रस्त्याच्या कडेकडेने, आम्ही तरंगत गेलो. एक हंस नीलांबरीच्या खिडकीला लागून गेला. त्याने आत बघितलं. माझ्याकडे बघून त्याला फारसं काही वाटलं नाही. मग सगळं संपलं, आणि गाडी कडेच्या गवतात एक चाक टेकवून उभी राहिली.

मागे हंसांनी माना पुन्हा घातल्या आणि रस्ता पुन्हा नुसता बर्फ झाला.

नीलांबरीचा पाय अजून तळाशीच होता. "आता काढू?" तिने कुजबुजत विचारलं.

"मला काय विचारतेस? तिला विचार."

ती मान तिरकी करून खालचं ऐकत राहिली. मग तिने गाडी नीट बंद केली, पाय हळूच उचलला, वाकून पेडलला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली. मागाहून करायचा तो नमस्कार.

हार्मच्या शेडमध्ये बटाटे एका पट्ट्यावरून येत होते, हजारो, सगळे सारखे. मी कोपऱ्यात शेगडीपाशी कॉफी घेऊन बसलो. नीलांबरी पट्ट्याशी उभी राहिली, आधी नुसती बघत, मग एकेक उचलून बाजूला टाकत. हार्म हा दारात वाकून शिरणारा माणूस. त्याने तिने टाकलेला एक बटाटा उचलला, चाकूने कापला, आतला काळा डाग बघितला आणि दुसरा उचलला. तोही कापला. मग कापायचं थांबवलं आणि तिच्या शेजारी उभा राहून आपलं काम करू लागला. जेवणाच्या सुट्टीत दोघं बाकावर बसून बोलत होते. ती हातांनी काहीतरी मोठं, रुंद दाखवत होती. तो गंभीरपणे मान हलवत होता.

उजेड उतरताना ती गाडीशी आली. नखांत माती होती. ती माती झटकायची तिला काही घाई दिसली नाही.

"सोमवारपासून ये म्हणाला. शुक्रवारच्या माणसाला नाही म्हणून कळवतोय."

मी तिच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं.

"आणि एवढ्या बर्फात आलीस कशी, असं विचारलं त्याने," ती गाडी सुरू करत म्हणाली. "मी गोदूआत्याचं सांगितलं. सगळं. फणसासकट."

"आणि?"

"म्हणाला, त्यांच्याकडेही एक होती. समुद्राचा बांध खचायला लागला की तिला नेऊन बांधाला पाठ टेकवून बसवायचे. वादळ संपेपर्यंत विणकाम करायची म्हणे."

"थापाड्या दिसतो," मी म्हणालो.

परतीचा रस्ता निळा झाला होता. हंस उठून गेले होते. ते बसले होते तिथे बर्फात वाट्यांसारखे खळगे उरले होते. त्या वळणावर नीलांबरीने मुद्दाम ब्रेक जरा जोरात दाबला. हूं, हूं, हूं. ती ऐकत होती आणि गालात हसत होती.

मला थोडं लागलं. आत्या शेवटी माझी होती.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"तुमच्याबद्दलच बोलतायत. म्हणतायत, हा दत्तू माझ्या पाठीवर कधी चढलाच नाही. बाकीची पोरं दाबायची, आणि हा आपला कोपऱ्यात बसून बिस्किटं खायचा."

"साफ खोटं!"

"असं कसं, बाबा?" ती म्हणाली. तिचा पाय तळाशी होता आणि गाडी अलगद वळत होती. "त्या कशाला खोटं बोलतील?"